येते म्हण

ज्या वर्षी धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि आई थोरलीशी बोलेनाशी झाली, त्याच वर्षी ‘आतली कडी’ हा चित्रपट आला. पुढे घरात काळ मोजला गेला तो त्याच खुणेने. जिन्याला कठडा बसला तो ‘कडी’च्या आधी, वडिलांचं मनगटी घड्याळ बसमध्ये गेलं ते ‘कडी’च्या नंतर, असं. त्या चित्रपटात थोरलीने काम केलं होतं. एकदाच, एकाच चित्रपटात, आणि तेही मावशीचं. आता इतक्या वर्षांनी, भर दुपारी, एका गारेगार सभागृहात, नव्याने दुरुस्त करून आणलेला तोच चित्रपट बघताना धाकटी खुर्चीतून अर्धी उठली, छातीत होता नव्हता तेवढा दम तिने एकवटला आणि पडद्याकडे बघून ओरडली, “येते म्हण गं!”

सगळं सभागृह हसलं. वाईट नाही हसलं. लहान मुलाने भर सभेत काहीतरी बोलावं आणि लोकांनी हसावं, तसं हसलं. मागच्या रांगेतला एक मुलगा पुढे वाकला आणि अगदी समजुतीने म्हणाला, “आजी, म्हणाली की ती!”

धाकटी खाली बसली. मांडीवरची पिशवी घसरून पायाशी गेली होती, ती उचलायचं तिला सुचलं नाही. पडद्यावर थोरली तोवर उंबरा ओलांडून, हातातली पेटी सावरत, पायऱ्या उतरूनही गेली होती. दारात उभी राहिलेली लहान मुलगी तिच्या पाठीकडे बघत होती. धाकटीच्या कानात दोन आवाज एकात एक अडकून बसले होते. एक तिचा स्वतःचा, फाटका, म्हातारा. आणि त्याच्या खाली, त्याच्या क्षणभर आधी, काच पुसून ठेवावी तितका स्वच्छ, थोरलीचा. “येते हं.” मुलगा खरंच सांगत होता. ती म्हणाली होती. पण ती ‘येते’ म्हणाली नव्हती कधी. ती म्हणाली होती ‘जाते’. ‘जाते हं.’ घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात, हे आपण बोलायला शिकता शिकताच शिकतो, कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. आणि ती मावशी, साथीच्या गावाला दुखणाइतांची सेवा करायला निघालेली, आईवेगळ्या भाचीचा गालगुच्चा घेऊन सरळ म्हणाली होती, जाते हं. त्या एका शब्दावर तो चित्रपट चालला होता. त्या शब्दावर बायका ओरडल्या होत्या. निदान धाकटीला तरी तसं आठवत होतं.

आठवत होतं म्हणजे काय, हा प्रश्न तिला त्या अंधारात पहिल्यांदा पडला. सगळा जन्म तिने चष्म्याच्या दुकानात काढला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर गिऱ्हाईक, हातात काचांची पेटी. “शेवटची ओळ वाचा.” आणि गिऱ्हाईक वाचायचं. निम्मी गिऱ्हाइकं बिनचूक वाचायची आणि त्यांना काही दिसत नसायचं. बाकावर वाट बघत बसल्या बसल्या दुसऱ्याचं ऐकून त्यांची ओळ पाठ झालेली असायची. ती लबाडी नसायची. आपल्याला दिसतंय असंच त्यांना मनापासून वाटायचं. मग धाकटी हसत तक्ता फिरवायची, आणि ती माणसं एकदम गप्प होऊन भिंतीकडे बघत राहायची. आता कुणीतरी तिचाच तक्ता फिरवला होता. आपण ऐकलं होतं, की पाठ केलं होतं? इतकी वर्षं थोरलीला, शेजारणींना, दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत आलो ते काय होतं?

आणि घरी थोरली वाट बघत होती. थोरलीला आता उठवत नव्हतं. उशांना टेकून बसवलं तर बसायची, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची बघायची. चित्रपट पुन्हा दाखवणार म्हणून निमंत्रण आलं, त्यात तिचं नाव ठसठशीत छापलेलं, तेव्हा तिने ते नाव नुसतं बोटाने चाचपलं होतं. “तू जा,” म्हणाली होती. “चित्रपट बघू नकोस, तो काय, बघितलेलाच आहे. कान उघडे ठेव. अजून ओरडतात का तेवढं ऐकून ये.” आज सकाळी पुन्हा म्हणाली, “ओरडल्या तर सांग. नाही ओरडल्या तरी सांग. पण मला खरं सांग, मऊ मऊ काही सांगू नकोस. मी काही आजारी नाही.” आणि स्वतःच्या या बोलण्यावर स्वतःच खोकत हसली होती.

पुढचा चित्रपट धाकटीने बघितला नाही, तो तिच्यासमोरून गेला. भाची मोठी होत गेली, साथ पसरली, पत्रं यायची थांबली, तिचा बाप रोज झोपताना दार नुसतं लोटायचा आणि आतली कडी मुद्दाम उघडी ठेवायचा. शेवटी दार आवाज न करता लोटलं गेलं आणि मावशी दारात उभी राहिली. पूर्वी या ठिकाणी काय व्हायचं! खुर्च्यांच्या बैठका धाडधाड आपटायच्या, बायका उभ्या राहायच्या, कुणी शेजारणीला मिठी मारायची. “आली गं बाई, आली!” रडू आणि टाळ्या एकदम. कारण तिला परत आणलं होतं ते त्यांनी. ती ‘जाते’ म्हणून गेलेली, म्हणजे परत यायची नव्हतीच. पण त्यांनी सगळ्यांनी मिळून तिचा शब्द वेळेवर सुधारला होता, म्हणून ती दारात उभी होती. हे कुणी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडावर ते दिसायचं, हातून काहीतरी बरं झाल्यासारखं. आज थोड्या टाळ्या पडल्या. नीटनेटक्या, बेताच्या. येते म्हणाली होती, आली. त्यात काय एवढं? धाकटीच्या पलीकडे बसलेली एक तरुण बाई सोबतच्या माणसाला हळूच म्हणाली, “छान आहे, पण जरा संथच ना?” आणि धाकटीला तिचा राग आला नाही. खरंच संथ होता. मधला एक दगड काढून घेतल्यावर पाणी सरळ वाहतं, तसा तो सरळ वाहत गेला होता.

दारापाशी चित्रपट दुरुस्त करणारी मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, आणि चेहऱ्यावर परीक्षा संपल्यासारखा आनंद. थोरलीची बहीण म्हटल्यावर तिने धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले. “त्या नाही आल्या? अहो, मी त्यांना रोज बघत होते. घरच्या माणसांपेक्षा जास्त बघितलं असेल त्यांना मी.” धाकटीने विचारलं, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “ते दारातलं वाक्य… ते असंच होतं का?” मुलीचे डोळे चमकले. “लक्षात आलं तुमच्या? अहो, त्या जागी मूळ आवाज पार गेला होता. नुसती खरखर. मी रडायची बाकी होते. मग एका गंजक्या डब्यात त्याच प्रसंगाचा दुसरा तुकडा मिळाला, न वापरलेला. त्यात त्या इतक्या स्वच्छ बोलल्यात! संहितेतही तेच वाक्य आहे. ओठ जरा मागेपुढे होत होते, पण जुळवलं मी. कळतं का कुठे?” “नाही गं,” धाकटी म्हणाली. “अजिबात कळत नाही. छान केलंयस.” आणि ते तिला मनापासून वाटलं. त्या पोरीने थोरलीच्या गालावरचे ओरखडे एक एक करून पुसले होते. तिच्यावर कशासाठी रागवायचं? जीव लावून पुसताना हात थोडा पुढे गेला, एवढंच.

म्हणजे पाठ केलेलं नव्हतं. ऐकलेलंच होतं. बसच्या थांब्यावर उभी असताना धाकटीला आधी हायसं वाटलं, आणि लगेच दुसरी कळ आली. म्हणजे थोरली दोन्ही म्हणाली होती. एकदा येते आणि एकदा जाते. आणि ‘जाते’ मागे धाकटीने मनाशी जी गोष्ट रचून ठेवली होती, तिचं काय? बस आली. खिडकीपाशी जागा मिळाली. पुढच्या बाकावर एक माणूस मांडीवर तसबिरींच्या कोऱ्या चौकटींचा ढीग घेऊन बसला होता, प्रत्येक धक्क्याला त्या खडखडत होत्या, आणि त्या खडखडाटात धाकटी ती सकाळ पुन्हा बघत होती. थोरली तेव्हा टेलिफोनच्या कचेरीत होती, कानाला ऐकायचा चिमटा लावून, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, याचं बोलणं त्याला जोडून देत दिवसरात्र बसलेली. तिथल्या वरिष्ठ बाई तिच्यावर कायम डाफरायच्या, कारण लोकांची वेळ संपली तरी दोरी ओढायला तिचा हात धजायचा नाही. कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाचं नुसतंच रडणं. हौशी नाटकातलं तिचं काम बघून दाढीवाला दिग्दर्शक घरी आला होता. पुढे त्याने दाढी काढली तरी तो घरात दाढीवालाच राहिला. आईने त्याला पाणी दिलं, बस म्हटलं, आणि तो गेल्यावर थोरलीला म्हणाली, “तुला चित्रपटात नाचायचं असेल तर माझ्याशी बोलू नकोस.” “नाचायचं नाहीये, मावशी आहे मी त्यात.” “मावशी असो की आत्या.” आणि आई खरंच बोलायची थांबली. ताट वाढायची, अंथरूण घालायची, पण शब्द नाही. चित्रीकरणाच्या सकाळी थोरली नुकतीच रात्रपाळीवरून आली होती. तोंडावर पाणी मारून, पुन्हा चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आई, येते.” आई स्वयंपाकघरात तांब्या घासत होती. तांब्या घासायचा आवाज थांबला नाही. ‘ये’ आलं नाही. थोरली क्षणभर थांबली, पुन्हा म्हणाली, “येते गं.” तांब्या घासला जात होता. मग ती गेली. धाकटीने हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून बघितलं होतं. आणि चित्रपटात जेव्हा तो शब्द आला, तेव्हा तिला वाटलं, मला माहीत आहे हा कुठून आला. दोनदा ‘येते’ म्हणून ‘ये’ मिळालं नाही, तर तिसऱ्यांदा माणूस काय म्हणेल? हे तिने कधी थोरलीला विचारलं नाही. इतकं खरं वाटत होतं, की विचारायची गरज नव्हती.

मग वर्तमानपत्रात जाहिरात आली, थोरलीचा चेहरा टिकलीएवढा, आणि धाकटीच्या होणाऱ्या सासरच्या माणसांनी निरोप पाठवला की जमायचं नाही. ज्या घरातली मुलगी पडद्यावर जाते, वगैरे. थोरलीने तो निरोप ऐकला आणि भिंतीला टेकून खाली बसली. आईने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. घरात तेव्हा भांड्यांचा तेवढा आवाज होता. त्या शांततेला कंटाळून, एका दुपारी, थोरली कामावर असताना, धाकटी आईला ओढतच चित्रपटाला घेऊन गेली. पहिलाच दिवस, थिएटर अर्धं रिकामं. बायकांच्या बाजूला पंखा होता तो फिरत नव्हता. आई पिशवी छातीशी धरून, डोळे बारीक करून बसली होती, जणू कुणी तिच्या पिशवीत हात घालणार आहे. आणि ते दार आलं. थोरली वळली, हसली, म्हणाली, “जाते हं.” आणि धाकटीच्या शेजारून असा आवाज उठला की पुढच्या रांगेतल्या बाईने डोकं खाली घातलं. “येते म्हण गं, कार्टे! येते म्हण!” आई उभी होती. तिची पिशवी खाली पडली होती, बटाटे खुर्च्यांखाली गडगडत चालले होते. तिला चित्रपट आहे हे माहीत नव्हतं असं नाही. पण लेक दारातून ‘जाते’ म्हणून निघाली होती, आणि त्या वेळी आणखी काही माहीत असून उपयोग नव्हता. थिएटर क्षणभर चिडीचूप झालं. मग कुठूनतरी मागून एक बाई ओरडली, “हो ना! येते म्हण!” आणि तिसरी, आणि चौथी. थोरली पायऱ्या उतरून गेली. आई खाली बसली आणि चेहरा झाकून हुंदके देऊ लागली. कितीतरी आठवड्यांनी ती थोरलीशी बोलली होती.

संध्याकाळी थोरली घरी आली तेव्हा धाकटीने तिला जिन्यातच गाठलं. “ताई, आई बोलली तुझ्याशी!” “कधी? मी तर आत्ता येतेय.” धाकटीने सांगितलं. थोरलीचा विश्वास बसेना. “कशी ओरडली? करून दाखव.” “इथे?” “इथेच.” आणि धाकटी जिन्यात उभी राहून, आईचा आवाज काढून, कंठ ताणून ओरडली होती. येते म्हण गं, कार्टे! सगळी इमारत दारात आली. वरून आईने कठड्यावरून वाकून बघितलं. दोघी मुली खाली पायरीवर बसून एकमेकींच्या अंगावर पडत हसत होत्या की रडत होत्या, तिला कळलं नसावं. “जेवायला वर या दोघी,” ती म्हणाली. दोघी. तो शब्द धाकटीला आता बसमध्येही ऐकू आला.

पुढचं सगळ्या शहराला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला पहिल्या दिवशीच्या बायका मैत्रिणींना घेऊन आल्या, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. आठवडा सरेपर्यंत ते इतकं पक्कं झालं की दार दिसलं की सगळं थिएटर श्वास घ्यायचं, आणि मग एकदम, एका घशाने. पुरुषही. ‘कार्टे’ तेवढं गळलं, ते आईचं घरचं होतं. टीकाकारांनी लिहिलं की एका शब्दात मृत्यूची चाहूल देणारा असा दिग्दर्शक आपल्याकडे झाला नाही. दाढीवाला मुलाखतीत नम्रपणे मान खाली घालायचा. आणि थोरलीला रस्त्याने चालणं मुश्कील झालं. ती भाजी घेऊन वळली की भाजीवाला हाक मारायचा, “ताई, येते म्हणा!” ती बसमधून उतरली की वाहक घंटी धरून थांबायचा, “म्हटल्याशिवाय गाडी हलणार नाही हं!” आधी चेष्टा होती, मग माया झाली. थोरली हसायची आणि म्हणायची, “बघू.” तेव्हापासून तिने कधी ‘येते’ म्हटलं नाही, ‘जाते’ही नाही. निघताना “चला” म्हणायची, नाहीतर नुसता हात वर करायची. तो शब्द जणू तिने लोकांकडे ठेवायला दिला होता. एखाद्याने आपली किल्ली शेजारी ठेवावी, तसा.

आणि आता शेजारी कुणी उरलं नव्हतं. बस उतारावर आली तशी धाकटीने ठरवलं की खोटं सांगायचं. खरं सांगून काय मिळणार होतं? की तुझा शब्द पुसला, तो पुसून तिथे दुसरा बसवला, तोही तुझाच, म्हणून तक्रारही करता येत नाही? की चित्रपट पुढे लागेल तेव्हा कुणी ओरडणार नाही, कारण ओरडण्यासारखं काही राहिलेलं नाही? की आईचा आवाज इतकी वर्षं अनोळखी घशांमधून फिरत होता, तो आज दुपारी माझ्या घशात आला आणि लोक हसले? नाही. ओरडल्या म्हणायचं. सगळ्या. तरुण पोरीसुद्धा. तिने मनात घोळवून बघितलं. “ताई, काय सांगू, छत उडायचं बाकी होतं.” जास्त होतंय. “ओरडल्या गं, ओरडल्या.” हे बरं. थकल्यासारखं म्हणायचं. थकलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवतात.

दार लोटलंच होतं. खोलीत दुपारचं ऊन पलंगाच्या पायाशी येऊन थांबलं होतं. औषधाच्या बाटल्या, पाण्याचा पेला, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं, आणि थोरली उशांना टेकून अशी बसलेली की तिला दाराच्या आधी जिना ऐकू आला असावा. “चपला नंतर काढ,” ती म्हणाली. “आधी सांग.”

“ओरडल्या गं, ओरडल्या,” धाकटी म्हणाली.

“किती?”

“बऱ्याच.”

“पुरुष?”

“तेही होते की.”

“आणि आवाज कसा? पूर्वीसारखा एकदम, की तुटक तुटक?”

“एकदम.”

थोरली तिच्याकडे बघत राहिली. दोऱ्या ओढणाऱ्या माणसाचे कान होते ते. “करून दाखव,” ती म्हणाली.

“ताई, आता काय…”

“करून दाखव. त्या वेळी जिन्यात दाखवलं होतंस ना? तेव्हा कुठे मला पटलं.”

धाकटी खोलीच्या मधोमध उभी राहिली. पिशवी अजून खांद्याला होती. तिने श्वास घेतला आणि ओरडली, येते म्हण गं! आणि तिच्या कानांवर पडला तोच दुपारचा आवाज, एकटा, फाटका, सगळ्यांच्या नंतर आलेला. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी काठीने छताला दोन ठोके दिले. “काय चाललंय हो?” “काही नाही मास्तर, तालीम!” थोरली खालच्या दिशेने ओरडली, जेवढं ओरडवलं तेवढं. मग धाकटीकडे वळली. “हा एकीचाच आवाज आहे,” ती म्हणाली. “तुझा. बस इथे.”

धाकटी पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सगळं सांगितलं. मुलगा मागून काय म्हणाला ते, गंजका डबा, दुरुस्तीवालीच्या डोळ्यांखालची वर्तुळं, नीटनेटक्या टाळ्या. सांगताना ती थोरलीकडे बघत नव्हती, चादरीवरच्या सुरकुतीवरून बोट फिरवत होती. तिला वाटलं, ही आता भिंतीकडे तोंड करेल. पलंग हलू लागला. धाकटीने घाबरून वर बघितलं. थोरली हसत होती. आवाज नव्हता, नुसते खांदे, आणि डोळ्यांतून पाणी.

“म्हणजे ‘आजी, म्हणाली की ती!’ असं म्हणाला तो मुलगा?” तिला दम लागला. “अगं, तो तुकडा पहिला होता. मी बरोबर बोलले होते. संहितेत होतं तसं. मग त्या भाची झालेल्या पोरीला शिंक आली म्हणून दाढीवाल्याने पुन्हा घ्यायला लावलं. आणि पुन्हाच्या वेळी…” ती थांबली. पाणी मागितलं, प्यायली. “तुला माहीत नाही ते? मला वाटलं तुला माहीत असेल.”

“मला वाटलं, आईमुळे,” धाकटी म्हणाली. “त्या सकाळी तिने ‘ये’ म्हटलं नाही म्हणून.”

थोरलीचं हसणं विरलं. “तसं असतं तर किती चांगलं दिसलं असतं,” ती म्हणाली. “नाही गं. मी सबंध रात्रपाळी करून गेले होते. डोळे मिटत होते. आणि सबंध पाळी मी काय करत होते? लोकांची वेळ संपत आली की दोरी ओढायच्या आधी त्यांना सांगायची मी. एकदम तोडलं की माणसं दचकतात ना. वरच्या बाई ओरडायच्या, पण मी सांगायची. लाईन जाते हं. बोलून घ्या. रात्रभर तेच. जाते हं, बोलून घ्या. जाते हं, बोलून घ्या. सकाळी दारात उभी राहिले, पोरीचा गाल धरला, आणि तोंडातून तेच आलं. जाते हं. पुढचं नशिबाने गिळलं. ना मला कळलं, ना दाढीवाल्याला. थिएटरात आईला कळलं पहिल्यांदा.”

धाकटीला हसू यायला हवं होतं, पण तिच्यापुढे ती भोकांची भिंत उभी राहिली. अनोळखी माणसं, आपापल्या गावात, कानाला यंत्र लावून, आणि त्यांच्या मध्ये एक पोरगी, डोळ्यांवर झापड, कुणाचं बोलणं अर्धवट राहू नये म्हणून नियम मोडत बसलेली. चाहूल नव्हती, रुसवा नव्हता. नुसता एक सवयीचा चांगुलपणा चुकून निसटला होता, आणि सगळ्या शहराने तो झेलला होता. “आणि इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू? बायका रडत होत्या. त्यांना सांगू की बाई, ही टेलिफोनची सवय आहे?” थोरलीने उशीवर मान टेकवली. ऊन तिच्या पावलांवरून वर सरकलं होतं. खालून मास्तरांच्या रेडिओची खरखर येत होती. मग थोरलीने डोळे न उघडता, तोंडाशी हाताचा चिमटा धरून, नाकातल्या त्या जुन्या कचेरीच्या आवाजात, गोड आणि घाईत म्हटलं, “जाते हं. बोलून घ्या.”

चेष्टाच होती ती. पण थोरलीचा हात तोंडापासून खाली आला नाही, ती वाट बघत होती, दोरी धरून. बोलून घ्यायला काय होतं? इतकं होतं की काहीच सुचत नव्हतं. आणि मग जे आलं ते भलतंच आलं.

“माझं लग्न मोडलं ना,” धाकटी म्हणाली, “तेव्हा मला बरंच वाटलं होतं.”

थोरलीने डोळे उघडले.

“तो माणूस तोंडाने श्वास घ्यायचा, ताई. बघायला आला तेव्हाच मी म्हटलं, हा असा शेजारी जन्मभर. निरोप आला तेव्हा मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि आरशात बघून हसले. तू भिंतीला टेकून बसली होतीस म्हणून बोलले नाही. मग राहूनच गेलं.”

“राहून गेलं?” थोरली कोपरावर उठायला बघत होती. “अगं भवाने! माझ्यामुळे तुझा संसार झाला नाही म्हणून मी आयुष्यभर तुझ्या चादरी धुतल्या! रविवारी उशिरा उठायची तू, आणि मी चहा घेऊन उभी! दाढीवाल्याने दुसरं काम देऊ केलं तेव्हा नाही म्हटलं मी, की नको, आधीच पोरीचं एक मोडलंय!”

“ते मला माहीत नव्हतं.”

“मलाही माहीत नव्हतं!” आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग पुन्हा पलंग हलू लागला, या वेळी दोघींच्या वजनाने. मास्तरांनी काठी आपटली. कुणी उत्तर दिलं नाही.

उन्हं उतरली तशी धाकटी उठली. पाव संपला होता. तिने पिशवी घेतली, चपला तिने काढल्याच नव्हत्या. दारात तिला सवयीने वाटलं, आता थोरलीसारखा आपलाही हात वर होईल. ती वळली आणि म्हणाली, “येते हं.”

थोरली गच्चीकडे बघत होती. “ये,” ती म्हणाली. आणि थोडं थांबून, “लवकर ये.”

त्यानंतर रोज तेच झालं. धाकटी निघताना म्हणायची, आणि थोरली उत्तर द्यायची. बाकी काही बदललं नाही. चित्रपट आणखी एक-दोन शहरांत लागला, तिथे सगळ्यांना आवडला म्हणे.

आई चित्रपटानंतरच्या तिसऱ्या वर्षी गेली होती. दाढीवाला म्हातारा होऊन, मुलाच्या घरी असताना गेला. थोरली याच वर्षी, थंडी पडायच्या आधी, एका बुधवारी संध्याकाळी गेली. धाकटी तेव्हा खाली पाव आणायला गेली होती. निघताना ती ‘येते’ म्हणाली होती, आणि थोरलीने ‘ये’ म्हटलं होतं.